पुढें काय झालें?

गोष्ट सांगणारा मध्येंच थांबला असतां "पुढें काय झालें?" असें न विचारणारें मूल आमच्या पाहण्यांत अद्यापि आलेलें नाहीं. हा प्रश्न आजीच्या मांडीवर प्रथम तोंडांतून निघतो, आणि मनुष्य कितीही थोर झाला तरी तो त्याची पाठ सोडीत नाहीं. कीर्तनकारबुवा आख्यान ऐन रंगांत आणून मध्येंच भजनाचा गजर सुरू करतात, त्या वेळीं श्रोत्यांच्या मनाची जी तळमळ होते ती याच प्रश्नाची. ही तळमळ ओळखूनच विलायतेंत चार्ल्स डिकन्स यानें १८३६ सालापासून आपली 'पिक्विक पेपर्स' ही कादंबरी दरमहा एकेक भाग याप्रमाणें प्रसिद्ध केली. आणि आपल्याकडे ह. ना. आपटे यांनीं १८९० सालीं 'करमणूक' पत्र काढून त्यांतून आपल्या कादंबऱ्या क्रमशः वाचकांच्या हातीं दिल्या. पुढील अंकाची वाट पाहणाऱ्या त्या वाचकांत आणि आम्हांत फारसें अंतर नाहीं, हें आम्हांस एका खेळामुळें कळलें. तो खेळ, आणि त्याच्या पायीं आमच्या हातून घडलेला एक अपराध, यांची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

शाळेच्या वार्षिकांत व्हिडिओ गेमची कथा ती कशाला, असें कोणी पालक कपाळास आठी घालून विचारतील. त्यांस आमची एवढीच विनंती कीं, निकाल देण्यापूर्वीं ही हकीकत शेवटपर्यंत वाचावी. आम्ही या शाळेचे माजी विद्यार्थी. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या २०१८ सालीं आम्ही इयत्ता नववींत होतों व आमची धाकटी बहीण सहावींत होती.

स्पायडर-मॅन हें नांव बालवाचकांस नवीन नाहीं. स्टॅन ली हा लेखक आणि स्टीव्ह डिटको हा चित्रकार या दोघांनीं १९६२ सालीं एका अमेरिकन चित्रकथांच्या मासिकांत या वीरास जन्म दिला. न्यूयॉर्क शहरांत राहणारा पीटर पार्कर हा एक गरीब, पोरका विद्यार्थी; त्यास एका कोळ्याच्या दंशानें अद्भुत शक्ति प्राप्त होते, आणि ती लोकांच्या कामीं लावण्याचें ओझें तो जन्मभर वाहतो. या वीरावर कॅलिफोर्नियांतील 'इन्सोम्नियाक गेम्स' या मंडळीनें रचलेला खेळ ७ सप्टेंबर २०१८ रोजीं 'प्लेस्टेशन ४' या यंत्रासाठीं बाहेर आला. त्यांत खेळणारा स्वतःच तो वीर होतो. कंट्रोलरचीं बटणें दाबून उंच इमारतींमधून जाळ्याच्या दोरीनें झोके घेतो, चोरांस पकडतो, आणि खेळतां खेळतां एका कादंबरीएवढी कथा त्याच्यापुढें उलगडत जाते.

ती कथा पोरकट नाहीं. ज्या डॉक्टर ऑक्टेव्हियस नांवाच्या शास्त्रज्ञास पीटर गुरु मानीत असतो, तोच शेवटीं त्याचा वैरी होतो. शहरांत एक भयंकर रोग पसरविला जातो, आणि पीटरला आईच्या मायेनें वाढविणारी त्याची मे काकू त्याच रोगानें अंथरुणास खिळते. औषध हातीं येतें, पण अगदीं थोडें. तें काकूस द्यावें तर त्यापासून साऱ्या शहरासाठीं औषध तयार करण्यास कांहीं उरत नाहीं. पीटर शहर वांचवितो, आणि काकू जाते. तो प्रसंग आला त्या दिवशीं आम्हां दोघां भावंडांपैकीं कोणीच बोललें नाहीं. कंट्रोलर गादीवर ठेवून बहीण उठली, ती स्वयंपाकघरांत जाऊन आईला चिकटून उभी राहिली. "काय ग, काय झालें?" असें आईनें विचारलें, त्यावर तिनें नुसती मान हलविली.

गोष्ट तेथें संपली होती, आणि संपली तें योग्यच झालें होतें. परंतु हल्लीं खेळांच्या गोष्टी संपल्या तरी संपत नाहींत. खेळाची तबकडी विकत घेतल्यानंतर कांहीं दिवसांनीं त्याच मंडळीकडून कथेचे नवे अध्याय निघतात. हे तबकडीवर नसतात. इंटरनेटवरून डाउनलोड करून यंत्रांत उतरवून घ्यावे लागतात, व त्यांची किंमत निराळी पडते. नगर तेंच, रस्ते तेच, वीर तोच. त्यामुळें सारें नव्यानें उभारण्याचा खर्च वांचतो, आणि त्याच रंगभूमीवर नवें नाटक लावतां येतें. ग्रंथास पुरवणी जोडावी तसा हा प्रकार असल्यामुळें आम्ही त्यांस पुरवणी-अध्याय म्हणूं. बॅटमॅन या दुसऱ्या वीराच्या २०११ सालच्या 'अर्खम सिटी' या खेळास २०१२ सालीं अशीच एक पुरवणी निघाली होती. स्पायडर-मॅनच्या पुरवणीचें नांव 'द सिटी दॅट नेव्हर स्लीप्स', म्हणजे 'कधींही न झोपणारें शहर'. तिचे अध्याय तीन. 'द हाइस्ट' २३ ऑक्टोबरला, 'टर्फ वॉर्स' २० नोव्हेंबरला आणि 'सिल्व्हर लायनिंग' २१ डिसेंबरला, असे ते २०१८ च्या अखेरीस एकामागून एक निघाले. अमेरिकेंत प्रत्येकाची किंमत ९.९९ डॉलर, आणि तिन्ही एकदम घेतल्यास २४.९९ डॉलर होती. प्रत्येकाबरोबर वीरास तीन नवे पोशाख मिळत, तें निराळेंच.

आमचें यंत्र पुण्याच्या मामांनीं वापरून झाल्यावर आम्हांस दिलेलें होतें. पुरवणी घेण्यास मात्र आमच्यापाशीं पुरते पैसे नव्हते. त्या वर्षीं ९ नोव्हेंबरला भाऊबीज झाली. चुलत व मावस भावांनीं घातलेली ओवाळणी बहिणीनें एका डब्यांत ठेविली होती. त्यांतून ती नवी रंगपेटी घेणार होती. आमच्याजवळचे पैसे मोजून पाहतां अर्धेही भरेनात, तेव्हां ती तो डबा घेऊन आली आणि आमच्यापुढें पालथा केला.

"दादा, तिन्ही अध्याय घेऊं या," ती म्हणाली. "पण एक अट. दोघांनीं मिळूनच खेळायचें. एकट्यानें पुढें जायचें नाहीं."

आम्हीं गळ्याची शपथ घेऊन ती अट मान्य केली. मामांनीं आपल्या कार्डावरून पैसे भरले, आणि आमच्या हातचे रोख पैसे नाण्यांसुद्धां मोजून घेतले. खर्च म्हणजे काय हें मुलांस कळलें पाहिजे, असें त्यांचें मत होतें.

पहिला अध्याय आम्हीं दिवाळीच्या सुट्टींतच पुरा केला. त्यांत फेलिशिया हार्डी ऊर्फ ब्लॅक कॅट ही चलाख चोरटी पीटरच्या पूर्वायुष्यांतून पुन्हां उगवते. हॅमरहेड नांवाच्या गुंडांच्या नायकानें आपला मुलगा अडकवून ठेविला आहे व त्याच्या जिवासाठीं आपणांस चोरी करावी लागत आहे, असें ती सांगते. पीटर तिच्यावर विश्वास ठेवतो, तिच्यासाठीं जीव धोक्यांत घालतो; आणि अखेर उघड होतें कीं, मुलगा असा कोणी नाहींच. लागलीच एक प्रचंड स्फोट होतो, आणि ब्लॅक कॅट त्यांत नाहींशी होते. अध्याय समाप्त!

"ती मेली नाहीं," बहीण ठामपणें म्हणाली. "प्रेत कोठें दाखविलें?"

पुढचे कित्येक दिवस आमच्या घरीं दुसरा विषय नव्हता. जेवतांना, अंगणांत कपडे वाळत घालतांना, रात्रीं दिवा मालविल्यावरसुद्धां तिचे नवे नवे तर्क चालत. ती खिडकींतून निसटली असेल. तिनें आधींच बाहुली ठेवून दिली असेल. एक ना दोन. याच दिवसांत, १२ नोव्हेंबरला, स्टॅन ली ९५ व्या वर्षीं वारल्याची बातमी आली. मुख्य खेळांत हा वृद्ध गृहस्थ एका उपाहारगृहांतील आचाऱ्याच्या रूपानें क्षणभर दिसतो, तें आम्हां दोघांसही आठवलें. "आतां पुढची गोष्ट कोण सांगणार?" असें बहिणीनें विचारलें. गोष्ट सांगणारे दुसरे पुष्कळ आहेत, असें आम्हीं तिला समजाविलें. पण ती थोडा वेळ गप्पच बसून राहिली. आतां मागें वळून पाहतां वाटतें, आम्ही खेळलों त्याहून अधिक आनंद त्या वाट पाहण्याच्या दिवसांत होता. त्याची किंमत मात्र आम्हांस त्या वेळीं कळली नाहीं.

दुसरा अध्याय निघाला तो मंगळवार होता. आमच्या मंद इंटरनेटवर तो रात्रभर उतरत राहिला. घरांत आईचा नियम असा कीं, खेळ फक्त रविवारीं. एक-दोन रात्री आम्हीं धीर धरला. गुरुवारीं रात्रीं सर्व मंडळी निजल्यावर, टीव्हीचा आवाज बंद करून, थोडेसेंच पाहावें म्हणून आम्हीं यंत्र चालू केलें. 'थोडेसें' या शब्दाएवढा लबाड शब्द मराठी भाषेंत दुसरा नसेल. त्या रात्रीं अर्धा अध्याय झाला, आणि शुक्रवारीं रात्रीं उरलेला. आम्हीं जें केलें तें केवळ मोहाच्या भरांत केलें असेंही म्हणवत नाहीं. कारण बहिणीस संशय येऊं नये म्हणून खेळाची जुनी नोंद आम्हीं अगोदरच निराळी राखून ठेविली होती. रविवारीं तीच नोंद उघडून, कांहींच ठाऊक नसल्यासारखे, आम्ही तिच्या शेजारीं जाऊन बसलों.

ती प्रत्येक वळणावर दचके, आणि आम्ही दचकण्याचें सोंग करूं. एके ठिकाणीं शत्रु दिसण्यापूर्वींच आमचा अंगठा बटणावर गेला. "तो तिकडून येणार हें तुला कसें कळलें?" तिनें विचारलें. अंदाजानें, असें उत्तर देऊन आम्हीं वेळ मारून नेली. परंतु पुढें जें घडलें त्यावर आमच्यापाशीं तोड नव्हती. या यंत्रावर खेळांतील एखादी कामगिरी पुरी झाली कीं पडद्याच्या कोपऱ्यांत ट्रॉफी मिळाल्याची सूचना झळकते. आणि एकदां मिळालेली ट्रॉफी पुन्हां मिळत नाहीं. पहिल्या अध्यायांत ती झळकली म्हणजे बहीण टाळ्या वाजवीत असे. या वेळींही तिनें टाळीसाठीं हात उचलले, आणि कोपरा कोराच राहिला.

"ट्रॉफी कां आली नाहीं, दादा?"

आम्ही गप्प. तिनें आमच्या हातून कंट्रोलर घेतला व ट्रॉफ्यांची यादी उघडली. मिळालेल्या ट्रॉफीपुढें ती कोणत्या तारखेस, किती वाजतां मिळाली, हें यंत्र लिहून ठेवतें. तारीख २४ नोव्हेंबर होती, आणि वेळ रात्रीं एक वाजून गेल्यानंतरची होती.

ती रागावली नाहीं कीं रडली नाहीं. कंट्रोलर खालीं ठेवून एवढेंच म्हणाली, "मग मघाशीं तूं दचकलास, तें सारें खोटेंच ना?" ओवाळणीच्या पैशांविषयीं ती एक शब्द बोलली नाहीं, रंगपेटीविषयींही नाहीं. "तिसरा अध्याय तूंच खेळ," असें म्हणून ती उठून गेली. तिनें चार बोल सुनाविले असते तर आम्हांस बरें वाटलें असतें.

दुसऱ्या अध्यायाची कथा अशी आहे. युरी वातानाबे ही पोलिस कप्तान पीटरची जुनी सहकारी. हॅमरहेडच्या टोळीच्या सांपळ्यांत तिच्या हाताखालचे शिपाई मारले जातात, तेव्हां ती सूडानें पेटते. प्रथम ती नियमास थोडीशीच बगल देते, मग आणखी थोडी. आणि तिसऱ्या अध्यायापर्यंत, जी कायद्याची रखवालदार होती तीच कायद्याच्या बाहेर गेलेली असते. तिच्या दुःखापुढें आमचा मोह कोणीकडे! पण पायऱ्या त्याच होत्या. रात्रीं एकट्यानें खेळतांना हें सर्व आमच्या डोळ्यांपुढून गेलें, आणि आम्हांस त्यांत स्वतःचें तोंड दिसलें नाहीं. पुढें काय होतें हें पाहण्याच्या घाईंत, जें पुढ्यांत होतें तेंच पाहावयाचें राहून गेलें.

२१ डिसेंबरला तिसरा अध्याय निघाला. नाताळची सुट्टी तोंडावर होती, अध्याय यंत्रांत उतरून तयार होता, आणि बहीण त्या खोलींत पाऊल ठेवीत नव्हती. आईस एव्हांना सर्व ठाऊक झालें होतें. तिनें आम्हांस जवळ बसवून सांगितलें, "तिची समजूत घालायला जाऊं नकोस. वाट पाहा. वाट पाहणें जमलें नाहीं, म्हणूनच हें झालें ना?"

त्या दिवशीं आम्हीं मनाशीं ठरविलें कीं, बहीण स्वतः होऊन म्हणेपर्यंत तो अध्याय उघडावयाचा नाहीं. हें वाटतें तितकें सोपें नव्हतें. वर्गांतील एक मित्र मधल्या सुट्टींत शेवट सांगूं लागला, तेव्हां कानांवर हात ठेवून आम्हांस हौदापर्यंत पळावें लागलें. नाताळ गेला, वार्षिक परीक्षा झाली, उन्हाळा सरला, आम्ही दहावींत गेलों. बहीण आमच्याशीं पूर्ववत् बोले, गणितें विचारी, आमच्या ताटांतला पापड पळवी. परंतु आम्हीं कांहीं नवल सांगितलें कीं क्षणभर आमच्या तोंडाकडे पाही. तें पाहणें आम्हांस फार लागे. एका खोट्या दचकण्यानें आमचें खरें बोलणेंही तिच्यापुढें उधारीवर गेलें होतें.

२०१९ सालची भाऊबीज २९ ऑक्टोबरला आली. वर्षभर खाऊचे पैसे साठवून आणलेली रंगपेटी आम्हीं तिच्या ताटांत ठेविली. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. झांकण उघडून तिनें एकेक रंग पाहिला, पेटी मिटली, आणि मग एकदम विचारलें, "शेवटीं ब्लॅक कॅट जिवंत निघते का रे?"

आम्ही म्हणालों, ठाऊक नाहीं.

"खरेंच?"

आम्हीं यंत्र चालू करून ट्रॉफ्यांची तीच यादी तिच्यापुढें उघडली. तिसऱ्या अध्यायाची एकही ट्रॉफी मिळालेली नव्हती. ज्या यादीनें आमची लबाडी उघडी पाडली होती, तिनेंच त्या दिवशीं आमच्या बाजूनें साक्ष दिली.

तो अध्याय सर्वच्या सर्व बहिणीनें खेळला. आम्ही शेजारीं बसून पाहिला. सिल्व्हर सॅब्लिनोव्हा ही परदेशची लढवय्यी स्त्री आपलीं चोरीस गेलेलीं शस्त्रें परत मिळविण्यासाठीं न्यूयॉर्कला येते. प्रथम पीटरशीं भांडते, मग त्याच्याच जोडीनें, अर्धा यंत्रमय झालेल्या हॅमरहेडशीं लढते. आणि ब्लॅक कॅट खरोखरच जिवंत असते! "सांगितलें नव्हतें?" असें ओरडून बहिणीनें आमच्या पाठींत असा धपाटा घातला कीं आई स्वयंपाकघरांतून धांवत बाहेर आली. त्या वेळीं आम्ही दचकलों तें मात्र अगदीं खरें. ज्याचा बाप मुख्य कथेंत बळी पडलेला असतो, त्या माइल्स मोरालेस नांवाच्या मुलास पीटर आपली विद्या शिकवूं लागतो, आणि तेथें पुरवणी संपते.

असल्या पुरवण्यांविषयीं दोन पक्ष ऐकूं येतात. एक म्हणतो, ही सारी पैसे उकळण्याची युक्ति आहे. गोष्टीचे तुकडे करून विकणें हा सरळ व्यवहार नव्हे. दुसरा म्हणतो, नवे अध्याय रचण्यास लेखकांस, चित्रकारांस व नटांस श्रम पडतातच; त्या श्रमांचें मोल घेण्यांत गैर तें काय? आमच्या मतें दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. या खेळापुरतें बोलावयाचें तर मूळ कथा स्वतंत्र व पुरी होती, आणि तीन अध्याय येणार हें खेळ निघण्यापूर्वींच जाहीर झालें होतें. तेव्हां कोणाची फसवणूक झाली असें म्हणतां येणार नाहीं. मात्र अध्याय तोडतांना ते अशाच जागीं तोडले होते कीं, वाचकास पुढचा घेतल्यावांचून चैन पडूं नये. म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें एवढेंच कीं, 'पुढें काय झालें?' ही ओढ कोणी आपल्याला लावीत आहे हें ओळखावें, आणि घेणेंच झालें तर आई-वडिलांस विचारून, आपल्या ऐपतीनें घ्यावें. पालकांसही एक विनंती आहे. मूल खेळतांना दिसलें तर यंत्र बंद करण्यापूर्वीं एकदां त्याच्या शेजारीं बसून, गोष्ट कोठवर आली, असें विचारावें. आमच्या आईनें हें विचारलें असतें तर त्या दोन रात्री आमच्या हातून ती चोरी झाली नसती, असें म्हणून दोष तिच्यावर ढकलण्याचा आमचा हेतु नाहीं. दोष सर्वस्वी आमचाच. पण तिनें तो तिसरा अध्याय आमच्या पाठीमागें उभी राहून, हातांत पोळपाट घेऊन, शेवटपर्यंत पाहिला, आणि त्या दिवशीं जेवायला उशीर झाला तरी कोणासही त्याचें वाईट वाटलें नाहीं.

बहीण आतां महाविद्यालयांत शिकत आहे. तिचीही हकीकत यांत असल्यामुळें हा लेख संपादकांकडे धाडण्यापूर्वीं आम्हीं तिला वाचून दाखविला. ट्रॉफीच्या यादीपर्यंत आलों, आणि आमचा आवाज थोडा अडखळला. ती ऐकत होती. थोडा वेळ वाट पाहून ती म्हणाली, "थांबलास कां, दादा? पुढें काय झालें तें वाच ना."

— एक माजी विद्यार्थी